कावळा थांबला नाही, वहिनी

वहिनी, मी तुमच्यावर रागावलो आहे. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. पण तुम्ही होतात तोवर आपण भांडल्याशिवाय एक दिवस काढला नाही, आणि आता मी एकदम गोड बोलायला लागलो तर तुम्हालाच संशय येईल.

राग दहाव्याचा आहे. दादाने खाडीकाठी पिंड ठेवले, भटजींनी पाणी सोडायला लावलं आणि आम्ही सगळे जरा मागे सरकून उभे राहिलो. आपल्या घरात कावळा लवकर शिवत नाही, हे तुम्ही ऐकून होतात. बाबांच्या वेळी ऊन डोक्यावर आलं तरी कावळे बाभळीवर बसून नुसते बघत होते. मग एकेकाने पुढे होऊन हात जोडून कबुल्या दिल्या. आक्काचं लग्न करून देऊ म्हणाले, आईला काशीला नेऊ म्हणाले, कावळा हलेना. शेवटी दादा म्हणाला, "धाकट्याचं शिक्षण मी पुरं करीन," तेव्हा कुठे एक खाली उतरला. तो धाकटा मी. म्हणून मला माहीत होतं की माणूस कशात अडकून राहतं, आणि तुम्ही कशात अडकला असाल तेही माहीत होतं. मी रात्रभर मनाशी वाक्य जुळवून ठेवलं होतं. दादा आधी काय म्हणेल, आक्काचे यजमान काय म्हणतील, आणि कावळा येईना म्हणजे मग मी पुढे होऊन काय म्हणायचं, सगळं ठरवलं होतं.

आणि तुम्ही काय केलंत? कोणी तोंड उघडायच्या आत कावळा आला, भातात चोच घातली आणि गेला. भटजी म्हणाले, "तृप्त होत्या बाई. मागे काही ठेवलं नाही." सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. माझे हात जोडायचे राहिले ते तसेच राहिले.

मागे काही ठेवलं नाही म्हणे. मग घरी तुमच्या रिकाम्या खाटेखाली नाक पंजात खुपसून कोण पडलं होतं?

पाहुणा आला ती दिवाळी मला नीट आठवते. स्वराज्य आलं त्या सालची. डोंबिवलीत तेव्हा वस्ती ती केवढी, पण त्या वर्षी लोकांनी हौसेने इतके फटाके उडवले की स्टेशनापासून आपल्या आळीपर्यंत नुसता धूर. लक्ष्मीपूजनाची आरती चालू होती आणि उघड्या दारातून एक तपकिरी कुत्रं सुसाट आत आलं, पाटाला धडकलं आणि थेट कोठीच्या खोलीत जाऊन तांदळाच्या डब्यामागे दडलं. दादा आरती थांबवायला तयार नाही. मी काठी शोधतोय. आणि तुम्ही, घरची लक्ष्मी, हातातलं निरांजन माझ्या हाती देऊन त्याच्यामागे कोठीत गेलात आणि दार लोटून घेतलंत.

मी बाहेरून म्हणालो की सकाळी हे दिसता कामा नये. तुम्ही आतून म्हणालात, "आज सणाचा पाहुणा आलाय, भाऊजी. सकाळचं सकाळी." तेच त्याचं नाव पडलं. थोड्या वेळाने मीच कोळशाखालचं गोणपाट झटकून आत सरकवलं, कारण फरशी गार होती आणि त्याचे दात वाजलेले मला बाहेर ऐकू येत होते. ते गोणपाट तुम्ही पुढे आयुष्यभर माझ्या डोक्यात मारलंत. कोणी आलं-गेलं की सांगायच्या, आमचे भाऊजी आधी नाही म्हणतात आणि मग गोणपाट आणून देतात. शाळेतल्या माझ्या सोबतच्या मास्तरांनाही ठाऊक झालं होतं.

दुसऱ्या वर्षी तुम्ही त्याला जवळजवळ मारलंच होतं, हेही लिहायला हवं. नरकचतुर्दशीला सूर्योदयाआधी जो न्हात नाही तो नरकात जातो, आणि पाहुणा आता घरचा, तेव्हा तो एकटा कसा नरकात जाईल? असा तुमचा हिशोब. अंधारात उठून तुम्ही त्याला तीळतेल चोळलंत, उटणं लावलंत, वर दोन तांबे ऊन पाणी. पाणी ऊन होतं, पण अंग वाळेपर्यंत हवा कुठे ऊन होती? ठाकुर्लीकडून पहाटेचा वारा सुटला होता. त्यात त्याने अंगावरचं सगळं तेल-उटणं चाटून पोटात घातलं. दिवस वर आला तेव्हा तो ओकत होता आणि थरथरत होता, आणि तुम्ही नव्या साडीत त्याच्यापाशी बसून रडत होतात. मी म्हणालो, कुत्र्यासाठी सणाच्या दिवशी मी पायपीट करणार नाही. मग कल्याणला जाऊन गुरांच्या डॉक्टरांना त्यांच्या फराळावरून उठवून आणलं. ते म्हणाले, बाई, कुत्र्याला नरक नसतो, थंडी असते. ऊब द्या, तेल नको, तळकट नको.

त्यानंतर तुम्ही जे नियम केलेत ते सबंध आळीला पाळावे लागले. चतुर्दशीला पाहुण्याच्या दोन कानांच्या मधे तेलाचं एक बोट, बस्स, झालं त्याचं अभ्यंग. त्याच्या वाट्याचं कारीट तुम्ही तुमच्याच पायाच्या अंगठ्याखाली फोडायचात. पणत्या अंगणात न ठेवता कट्ट्यावर, कारण तो आनंदाने शेपूट हलवतो आणि शेपटीला विस्तव कळत नाही. पोरांना दारातच सांगायचात की त्याला चकली देऊ नका, लाडू तर मुळीच नको, फार माया आली तर भाकरीचा तुकडा द्या. साखर रेशनवर मिळायची त्या दिवसांत कोणी कुत्र्याला लाडू देणार होतं थोडंच, पण तुम्ही सांगायचात. पोरं तुम्हाला हसायची आणि ऐकायचीही.

आणि लक्ष्मीपूजन. आपलं खरं भांडण त्याचं. दरवर्षी पूजा उरकली की बाहेर पहिला बार व्हायच्या आत तुम्ही पाहुण्याला घेऊन कोठीत. दाराच्या फटीला जुनं धोतर, खिडकीला घोंगडी, आणि त्याचे कान तुमच्या दोन तळव्यांखाली. बाहेर बायका हळदीकुंकवाला येऊन बसलेल्या आणि घरची सवाष्ण तांदळाच्या डब्यांत. मी म्हणायचो की लक्ष्मी घरात यायची वेळ आणि तुम्ही तिच्या तोंडावर दार लावून बसता. तुम्ही म्हणायच्या, "तिला दहा घरं आहेत. ह्याला हे एकच."

आत तुम्ही पाढे म्हणायचात. एका सुरात काही ऐकू आलं की तो शांत होतो, हा तुमचा शोध. देवाचं म्हणा की, मी सुचवलं होतं. तुमचं म्हणणं, देवाचं म्हणताना चुकलं तर पाप, पाढा चुकला तर कोण विचारतो. बे एके बे पासून सुरुवात. आरतीचं तबक आवरता आवरता मला आतून तुमचा आवाज ऐकू यायचा, बाहेर सुतळी बॉम्ब फुटला की तो थोडा चढायचा, आणि एकोणतिसाच्या पाढ्यापर्यंत आलात म्हणजे समजायचं की आळी आता निजणार.

भाऊबिजेचं मी तुम्हाला अजून माफ केलेलं नाही. तुम्हाला भाऊ नाही, तुम्ही चंद्राला ओवाळता, हे मला तुमच्या लग्नापासून माहीत. पण एका वर्षी मी कल्याणहून आक्काकडून ओवाळून परत आलो, तर तुम्ही अंगणात चंद्राला ओवाळून तेच तबक घेऊन पाहुण्यापुढे बसलेल्या. त्याच्या कपाळावर कुंकू, तोंडात गुळाचा खडा, आणि तो इतका गंभीर की शाळेच्या बक्षीससमारंभात बसवावा. मी म्हणालो, वहिनी, घरात जिताजागता दीर असताना कुत्र्याला? तुम्ही म्हणालात, तुम्हाला तुमची बहीण आहे. ह्याला कोण आहे आणि मला कोण आहे. हसत म्हणालात. मीही हसलो, पण मला लागलं होतं, आणि ते मी कधी बोललो नाही. आता बोलतो. तुम्ही मला ओवाळलं असतंत तर मी नाही म्हटलं असतं, तुमची टर उडवली असती, आणि पाटावर येऊन बसलो असतो.

थंडीचं भांडण तर पुरं झालंच नाही. माझं म्हणणं सरळ होतं. कुत्र्याची जागा दारात, म्हणून तर त्याला कुत्रा म्हणतात. तुमचं म्हणणं, थंडीला दार कळत नाही. मार्गशीर्ष लागला की तुम्ही त्याला पडवीतून माजघरात आणायच्या, माझ्या अंथरुणाच्या पायथ्याशी. खाली फळी, फळीवर पेंढा भरलेलं गोणपाट, वर तुमच्या फाटक्या लुगड्याची घडी. सकाळी भाकरी कोमट दुधात भिजवलेली. अलीकडे म्हातारपणामुळे त्याचे मागचे पाय धरायचे, तर मिठाची पुरचुंडी तव्यावर तापवून शेक. मी पायांना केस लागतात म्हणून ओरडायचो, तुम्ही ऐकलं न ऐकलंसं करायच्या, आणि पुढच्या वर्षी आपण हे भांडण पहिल्यापासून सुरू करायचो.

यंदा नवरात्रात तुमचा ताप उतरेना. पाहुणा खाटेखालून हलेना. मी पेज घेऊन आलो, तुम्ही दोन चमचे घेतलेत आणि म्हणालात, "भाऊजी, थंडी पडली की ह्याला आत घ्याल ना? माझ्यामागे?"

मी काय म्हणालो ते तुम्हाला माहीत आहे. "मी कशाला घेतो? तुम्ही उठा आणि घ्या. असले नसते पाहुणे मी सांभाळत नाही." तुम्ही हसलात, हसताना खोकला आला, आणि मग भिंतीकडे तोंड करून पडलात. पुन्हा विचारलं नाहीत. मला वाटलं, बऱ्या व्हाल. बऱ्या होणाऱ्या माणसाला 'तुमच्यामागे घेईन' असं कसं म्हणायचं, वहिनी? ते म्हणणं म्हणजे तुम्ही जाणार हे मान्य करणं. ते मला करायचं नव्हतं, एवढंच होतं. दसऱ्याचं सोनं वाटून झालं आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही गेलात.

म्हणून दहाव्याला ते वाक्य मला म्हणायचं होतं. चारचौघांत, मोठ्याने, खाडीसमोर. आणि तुम्ही कावळ्याला थांबू दिलं नाहीत.

पुढचं ऐका, कारण तुम्हाला वाटत असेल की सगळं आपोआप झालं. तेरावा उरकला आणि दादाने कोपरहून येणाऱ्या आपल्या दूधवाल्याला सांगून टाकलं की कुत्रा घेऊन जा, म्हशींच्या गोठ्यावर राहील. दूधवाला भला माणूस, दुसऱ्याच सकाळी दोर घेऊन आला. मी शाळेला निघत होतो. दोर बघितला आणि दारात आडवा उभा राहिलो.

दादा म्हणाला, "तुला तर पहिल्या दिवसापासून नको होता."

"नकोच आहे," मी म्हणालो. "पण द्यायचा नाही."

दादावर मी आवाज चढवला असा तो पहिलाच प्रसंग. दूधवाला बिचारा दूध मापून गुपचूप गेला. दादा पडवीत बसला आणि म्हणाला, "फाटकाची कडी वाजली की तो उठतो. त्याला वाटतं ती आली. आणि तो उठला की मीही उठतो रे. दिवसातून किती वेळा उठू?"

त्या दिवशी शाळेत गेलो नाही. तुमच्या शिवणाच्या डब्यातून चिंध्या काढल्या आणि फाटकाच्या कडीला गच्च गुंडाळल्या. आता ती वाजत नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला उघडायला त्रास होतो, होऊ दे.

पण पाहुणा खात नव्हता. दूध ठेवलं, भाकरी ठेवली, तुम्ही करायच्या तशी भिजवून ठेवली. नाक लावायचा आणि परत खाटेखाली. पाठीची हाडं दिसायला लागली. हवेत गारवा यायला लागला होता आणि मला कळत होतं की असाच राहिला तर हा पौष बघत नाही. गुरांचे डॉक्टर येऊन गेले. पोटात दोष नाही म्हणाले. दोष कशात आहे ते मला त्यांनी सांगायची गरज नव्हती.

यंदा घरात दिवाळी नव्हती. आकाशकंदील नाही, कढई नाही. शेजारणीने रीतीप्रमाणे फराळाचं ताट झाकून पाठवलं, ते तसंच फडताळात राहिलं. चतुर्दशीला मी न्हालो आणि पाहुण्याच्या कानांमधे तेलाचं बोट लावलं. कारीट आणलेलं नव्हतं, मग कुंपणावरून शोधून आणलं आणि त्याच्या नावाने फोडलं. माझ्या नावाने फोडायचं विसरलो. नरकात गेलो तर तुमच्यामुळे.

आणि लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आळीने काही तुमचं सुतक पाळलं नाही. पोरंच ती, कशी पाळतील. पहिला बार झाला आणि पाहुणा खाटेखालून उठला. मागचे पाय फरफटत आधी कोठीत गेला, तिथे कोणी नव्हतं. स्वयंपाकघरात गेला. मोरीशी गेला. परत कोठीत. तुम्हाला शोधत होता, वहिनी. आणि तुम्ही कोठेच नव्हतात. तोवर मी रडलो नव्हतो, घाटावर नाही, कुठेच नाही. तेव्हा रडलो.

मग आत गेलो. फटीला धोतर लावलं, खिडकीला घोंगडी लावली, तांदळाच्या डब्याला टेकून बसलो आणि त्याचे कान धरले. माझे हात तुमच्यासारखे नाहीत, त्याने आधी मान झटकली. पाढे सुरू केले. बेचा झाला, पाचाचा झाला, तो थरथरतच होता. माझा सूर वर्गातला, मास्तराचा, त्याला तो ओळखीचा नव्हता. पुढे पुढे गेलो तसा सूर खाली आला. विसाच्या पुढे गेलो. एकोणतिसाला पोचलो आणि मधेच अडलो. पाढा येतो हो मला. आवाज येईना.

बाहेर पुन्हा बार झाला, पाहुणा माझ्या मांडीत शिरला, आणि दाराच्या पलीकडून दादाचा आवाज आला. तिथून पुढचा एकोणतिसाचा पाढा. सावकाश, एका सुरात, शेवटपर्यंत. तो कधीपासून दाराशी येऊन बसला होता कोण जाणे. इतकी वर्षं तो दिवाळीला बाहेरच्या खोलीत पान जुळवत बसायचा आणि आपल्याला वाटायचं त्याचं लक्षच नाही. त्याला तुमचा सूर न् सूर पाठ होता. पाहुण्याने कान टवकारले. दादाने दार लोटलं, हातात वाटी होती, कोमट दुधात भिजवलेली भाकरी. खाली बसला आणि म्हणाला, "खा रे. मीही खातो." पाहुण्याने त्याच्या बोटांवरून थोडं चाटलं. थोडंच. मग दादाने तिथेच बसून उरलेली भाकरी खाल्ली, त्याच वाटीतली. तुम्ही गेल्यापासून तोही धड जेवला नव्हता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

भाऊबिजेला मी कल्याणला गेलो नाही. चंद्र दिसला तेव्हा आम्ही तिघेही अंगणात उभे होतो. ओवाळायला कोणी नव्हतं.

मार्गशीर्ष लागला आहे. ठाकुर्लीकडचा वारा सुटला आहे. फळी काढली, पेंढा दूधवाल्याने आणून दिला, कोपरहून डोक्यावर. गोणपाट नवं घेतलं आणि वर तुमच्या निळ्या लुगड्याची घडी घातली. आक्का म्हणत होती की गेलेल्या माणसाचं नेसूचं घरात ठेवू नये, देऊन टाकावं. दिलंच आहे की.

कावळ्याचा राग मात्र जाईना. रोज सकाळी मिठाची पुरचुंडी तव्यावर तापवताना मनात यायचं, की जरा थांबला असता तर काय बिघडलं असतं. काल पुरचुंडी पाहुण्याच्या पायाला लावली, चटका बसू नये म्हणून आधी माझ्या मनगटाला लावून बघितली, आणि दादा खाटेवरून बघत होता तो म्हणाला, "तुला हे करताना तिने बघायला हवं होतं." पाठोपाठ स्वतःच म्हणाला, "म्हणजे, तिला माहीतच होतं म्हणा. 'नाही म्हणाले ना, मग झालं,' म्हणाली होती मला. तू पेज ठेवून बाहेर गेलास तेव्हा."

नाही म्हणाले ना, मग झालं.

तर असं आहे. मी तिकडे वाक्य जुळवत उभा, आणि तुम्ही उत्तर घेऊन केव्हाच मोकळ्या झालेल्या. कावळ्याने कशासाठी थांबायचं होतं? तरी मी ते म्हणणार आहे, कारण शेवटचा शब्द नेहमी तुमचाच असायचा आणि निदान एकदा तरी तो माझा असू दे. पाहुणा माझ्या पायथ्याशी झोपला आहे. घोरतो आहे. माझ्या पायांना त्याचे केस लागताहेत. आत घेतलंय त्याला, वहिनी.